वांगी, झाकण आणि तीन पेढ्या

वज्रसेन महाराजांच्या ताटात त्या दिवशी भरली वांगी आली नाहीत आणि महाराजांनी आकाशपाताळ एक केलं!

"भिवबा! वांगी कुठायत?"

मुदपाकखान्याचा मुख्य आचारी भिवबा हात जोडून उभा राहिला. "महाराज, मुदपाकखान्याचे पैसे हिराशेठच्या पेढीत असतात. लाखाची हुंडी असली की ते धावत येतात. पण भाजीपुरते सुटे मागितले की आम्हाला ओट्यावर ताटकळत ठेवतात. आज तर 'उद्या या' म्हणाले! मंजुळा माळीण वाट बघून बघून वांगी परत घेऊन गेली."

झालं! महाराज एकदा हट्टाला पेटले की पेटले. "मग दुसरी पेढी बघ! गावात तीन पेढ्या आहेत. रोजच्या देवघेवीचं खातं कुणाकडे उघडायचं, ते उद्याचं रात्रीचं जेवण उरकायच्या आत मला सांग. पण एकाही पेढीची पायरी चढायची नाही. चढलास की ते अत्तर लावून तुला गुंडाळतील! आणि कोणती पेढी चांगली, असं कुणाला विचारायचंही नाही. जो तो आपल्या मेहुण्याचंच नाव सांगेल! उत्तर नाही दिलंस, तर झारा इथं ठेव आणि गाव सोड!"

आता सांगा, न बघता, न विचारता माणूस निवडणार काय आणि कसं?

भिवबा घरी आला तो डोक्याला हात लावूनच. त्याची लेक सगुणा भाकरी थापत होती. बापाचा चेहरा बघून तिनं हातातली भाकरी बाजूला ठेवली आणि काय झालं ते विचारलं. घर सोडायचं, गाव सोडायचं, तेही वांग्यांपायी? तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हळूच तिच्या डोळ्यांत खट्याळ हसू उमटलं.

"बाबा, पेढीची पायरी तुम्ही चढायची नाही ना? पण पेढीवाल्यांनी वाड्याची पायरी चढायला कुठं बंदी आहे? उद्या दिवेलागणीला तिघांनाही पंगतीला बोलवायला सांगा महाराजांना. मंजुळामावशीला मी गळ घालते, एक दिवस वांगी उधार दे म्हणून."

"आणि पुढे?"

"पुढचं वांग्यांवर सोडा!"

दुसऱ्या दिवशी वाड्यात पानं मांडली गेली. हिराशेठ जरीचा फेटा बांधून आले. माणिकशेठ केशरी बर्फीची परात घेऊन आले. केरोबाशेठ आले ते सगळ्यांत शेवटी, कपाळाला आठ्या घालून. "गिऱ्हाईक सोडून यावं लागलं. लवकर वाढा!" बसता बसता ते कुरकुरले. असला खडूस माणूस! सगुणाला वाटलं, हा काही आपल्या कामाचा नाही.

मीठ, चटणी, वाफाळता भात, सगळं वाढून झालं. सगुणा वांग्यांचं पातेलं घेऊन आली. घमघमाट सुटला! तेवढ्यात, सगुणाशी ठरल्याप्रमाणे, दारातून मंजुळा ओरडली, "थांब गं! आधी माझे पैसे, मग वांगी!"

सगुणानं पटकन झाकण ठेवलं. "महाराज, मालाची मालकीणच अडवतेय. मी तरी काय करू?"

महाराजांच्या तोंडाला केव्हाचं पाणी सुटलं होतं. "हिराशेठ, आमचे पैसे तुमच्याकडेच आहेत ना? द्या तिला!"

हिराशेठनी कानांना हात लावले. "शिव शिव! दिवेलागणीला लक्ष्मी बाहेर काढू नये, महाराज! उद्या सकाळी लाखाची हुंडी पाठवा, लगेच हजर करतो!"

"पण शेठजी, लाखाच्या हुंडीला फोडणी कशी द्यायची?" सगुणा म्हणाली.

महाराजांनी माणिकशेठकडे बघितलं. माणिकशेठ गोड हसले. "माझी ना नाही हो. पण किल्ल्या मुनीमजींकडे, आणि मुनीमजी सासुरवाडीला!"

"असू दे," सगुणानं उसासा टाकला आणि पदराआडून एक जड थैली काढली. "ही थैली कुणाच्या तरी पेढीत ठेवायची होती. पण आता दिवेलागण झाली, कोण ठेवून घेणार?"

"आण इकडे!" हिराशेठ पानावरून अर्धे उठलेच. "येणाऱ्या लक्ष्मीला कसली आलीय दिवेलागण!"

"माझ्याकडे दे, पोरी!" माणिकशेठनी उपरणं पसरलं. "किल्ली आहे माझ्या करगोट्याला!"

हिराशेठनी थैली ओढून घेतली, उघडली, तर आत चिंचोके! महाराज मिशीत हसायला लागले.

केरोबाशेठ मात्र वैतागले. "काय पोरखेळ चाललाय हा! ती बाई दिवसभर उन्हात बसलेली. तिनं घरी कधी जायचं?" त्यांनी कमरेचा कसा सोडला आणि मंजुळेच्या ओंजळीत नाणी टाकली. "माल दिलाय तिनं. तिचे पैसे अडकवून माझी लक्ष्मी काय खूश होणार आहे? पण महाराज, हे उसने आहेत हां! सकाळी परत हवेत!"

झाकण निघालं. महाराजांनी वांग्याचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि एकदम उघडले. "ए पोरी! मी विचारायचं नाही म्हटलं होतं. तू अट मोडलीस!"

कोपऱ्यात उभ्या भिवबानं हातातला झारा खाली ठेवला.

"छे हो! पैसे तर तुम्ही मागितलेत, महाराज!" सगुणा म्हणाली. "मी फक्त पातेल्यावर झाकण ठेवलं. आता ही वांगी कुणामुळे ताटात आली, ते तुमच्या जिभेलाच कळलंय. बाबांनी वेगळं काय सांगायचं?"

महाराज खो खो हसत सुटले. "केरोबाशेठ, उद्यापासून मुदपाकखान्याचं खातं तुमच्याकडे! भिवबा, उचल तुझा झारा!" आणि त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं.

सगुणा तडक केरोबाशेठपुढे गेली. "शेठजी, एवढं तुमच्या पेढीत ठेवून घेता?"

केरोबाशेठनी मानसुद्धा वर केली नाही. "सकाळी पेढीवर ये. आत्ता मला वांगं वाढ, महाराज सगळी संपवायला निघालेत!"

हसता हसता महाराजांना असा ठसका लागला, की हिराशेठना पान सोडून पाण्याचा तांब्या आणायला पळावं लागलं!