महाझालरांचे कडे

त्या राज्यात शिंगे टोचण्यासाठी नसून दाखवण्यासाठी असतात, हे सर्वांना मान्य होते. राज्य होते पाला खाणाऱ्या अजस्र डायनोसॉरांचे. प्रत्येकाच्या कवटीमागे हाडाची रुंद झालर, आणि झालरीच्या काठावर शिंगेच शिंगे. पूर्वजांची शिंगे सरळ आणि टोकदार असत म्हणे. बिचाऱ्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती. आता ती कपाळावरच्या बटांसारखी मुरडून खाली आली होती. ज्याची मुरड मोठी, त्याला कोवळा पाला आधी. सर्वांत मोठी मुरड कळपाच्या राजाची, महाझालरांची. तिच्यामुळे त्यांना समोरचे नीट दिसत नसे, पण समोर पाहण्याची कामे त्यांच्याकडे नव्हतीच.

एक जुनी रीत मात्र कळपाने निष्ठेने जपली होती. दर पौर्णिमेला सगळे कडे करून उभे राहत, पिल्ले मधोमध. पूर्वी शिकारी आला की असेच उभे राहत, तोंडे बाहेर करून. पुढे बरीच वर्षे शिकारी फिरकला नाही, आणि एका रसिकाच्या ध्यानात आले, की बाहेर तोंड केले तर एवढ्या झालरी पाहणार कोण? बाहेर तर नुसते रान. मग तोंडे आत वळली. बाकी रीत जशीच्या तशी राहिली, याचा सर्वांना अभिमान होता.

कळपात एक सरळशिंगी होती. तिची दोन शिंगे काही केल्या मुरडेनात, म्हणून तिच्या वाट्याला उरलासुरला पाला येई. तिला एकच पिल्लू होते. एका संध्याकाळी वाऱ्यावर शिकाऱ्याचा वास आला. कळपाने झटपट कडे केले. सरळशिंगीने पिल्लाला मधे ढकलले आणि ती बाहेर तोंड करून उभी राहिली.

"पाठ कुणाला दाखवतेस?" महाझालरांनी विचारले.

"शिकारी बाहेरून येणार, महाराज. आत माझं पिल्लू आहे."

"आत सभा आहे," महाझालर म्हणाले.

तिला पिल्लासकट कड्याबाहेर काढण्यात आले. पिल्लाला पोटाखाली घेऊन ती एका खडकाला टेकून उभी राहिली. शिंगे तिने रानाकडे रोखली.

शिकारी आला. त्याने आधी तिची दोन टोके पाहिली, मग कडे पाहिले. आयुष्यभर त्याने शिंगे चुकवत पोट भरले होते. इतकी नीटनेटकी पंगत त्याला कधी कुणी वाढली नव्हती. गोल मांडलेल्या शेपट्या, आणि एकही तोंड त्याच्याकडे नाही. सुरुवात कुठून करावी, असा विचार करत तो सावकाश एक फेरी मारून आला. आत महाझालरांच्या मुरडीचे कौतुक चालू होते, आणि कडे कुठेही मोडले नव्हते.