बोटभर कथील

बालाघाटाच्या डोंगरउतारावर हिवरसांगवी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील ओढ्याकाठच्या मठात श्री सोमगिरी महाराजांनी आपल्या आयुष्याची शेवटची बावीस वर्षे काढली. महाराज फारसे बोलत नसत. कोणी उपदेश मागितला तर आधी विचारीत, "तू काम काय करतोस?" आणि तो जे सांगेल त्याच्याविषयी बारकाईने चौकशी करीत. सुताराला लाकडाच्या गाठीविषयी विचारीत, सुईणीला आडव्या आलेल्या मुलाविषयी. पुष्कळांना वाटे, महाराजांनी आपल्या प्रश्नाला बगल दिली. घरी गेल्यावर काहींच्या लक्षात येई की उत्तर तेच होते.

मठात दर माघी पौर्णिमेला अन्नदान होई. पाच गावांची माणसे जेवायला येत. गव्हाची खीर, चिंचेची आमटी आणि भात, हा सारा स्वयंपाक तांब्याच्या सात मोठ्या हंड्यांत शिजे. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्याच्या जिवावर बेतते, हे जुन्या माणसांना ठाऊकच आहे. म्हणून पौर्णिमेच्या दिवशी पहाटेच दस्तगीर कल्हईवाला मठात येई.

दस्तगीर शेजारच्या पेठेत राहणारा, साठीला टेकलेला गरीब माणूस. मठाच्या पायऱ्यांजवळच्या चिंचेखाली जमिनीत वीतभर खड्डा करायचा, त्यात कोळसे पेटवायचे, भात्याचे नळकांडे बसवायचे. मग वाळू आणि चिंचेचा चोथा घेऊन हंड्यात उतरायचे, झाडाच्या फांदीला धरायचे आणि कंबर डावी-उजवीकडे फिरवीत पायांनी हंडा घासायचा. हंडा लाल तापला की नवसागराची पूड टाकायची. तिचा पांढरा धूर छातीत जाई, डोळे झोंबत. त्या धुरातच कथलाची कांडी आतून फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर पुसायचे. चाळीस वर्षे हेच केल्याने त्याच्या बोटांची टोके जळून गुळगुळीत झाली होती. तो काम संपवी तेव्हा वर मठात भजन संपलेले असे. त्याच्या वाट्याला ते कधी आले नाही, याची त्याला खंत होती.

त्या वर्षी त्याची बायको रसूलबी तापाने अंथरुणावर होती. भाता तीच ओढीत असे. त्यामुळे दस्तगीर एकटाच आला. हंडे घासून झाले आणि उत्सवाचे कारभारी अंबादासराव कथलाच्या कांड्या घेऊन आले. अंबादासराव मोठे करारी, हुशार गृहस्थ. आपण आणलेल्या वस्तूत खोट निघू शकते, ही गोष्ट त्यांच्या मनाला कधी शिवली नव्हती.

दस्तगीरने एक कांडी उचलली, कानाजवळ नेली आणि हळूच वाकवली. मग दुसरी वाकवली. तिसरी.

"मालक, ही नाही चालायची," तो म्हणाला. "ह्यात शिसं मिसळलंय."

"तुला काय कानात येऊन सांगितलं शिशानं?"

"तसंच म्हणा, मालक. चांगलं कथील वाकवलं की करकरतं. हे मुकं आहे. चिंचेची आमटी ह्यात शिजली तर शिसं पोटात जाईल लोकांच्या."

भोवती आचारी उभे होते, गावचे चार लोक होते. अंबादासरावांचा चेहरा लाल झाला. "मी स्वतः पारखून आणलंय. लावलं की चकाकेल ना? मग झालं. भांडी घासणाऱ्यानं आम्हाला पारख शिकवू नये. आयुष्यभर काजळीत बसलास, देवाचं नाव कधी घेतलं नाहीस, आणि आज देवाच्याच कामात मोडता घालतोस?"

दोघे-तिघे हसले. दस्तगीर खाली बघत राहिला. भांडी घासणारा म्हटल्याचे त्याला वाईट वाटले नाही, ते खरेच होते. पण देवाचे नाव घेतले नाहीस, हे मात्र आत रुतले. त्याच्या मनात आले, लावून टाकावे. चकाकी तीच येईल. आज कोणी पडणार नाही, उद्या कोणी आजारी पडले तर कल्हईवर बोट कोण ठेवणार? ओढ्यापलीकडून बायका-मुले येताना दिसत होती. लांबून चालत आलेली, सकाळपासून उपाशी. त्यांच्याकडे पाहिले आणि त्याचा हात कांडीवरून मागे आला.

"माझ्या हातून नाही होणार, मालक."

"मग उचल तुझं सामान," अंबादासराव म्हणाले. "दुसरा बघतो मी."

दुसरा कल्हईवाला सहा कोसांच्या आत नव्हता, हे दोघांनाही माहीत होते.

दस्तगीर भाता सोडवू लागला तेव्हा महाराज मठाच्या पायऱ्या उतरून आले. भजन अर्ध्यावर टाकून महाराज आले, हे पाहून सारे बाजूला झाले. महाराज चिंचेखाली येऊन कोळशाशेजारी जमिनीवरच बसले.

"दस्तगीर, काय अडलं?"

"महाराज, कथील खोटं आहे. माझ्या हट्टापायी एवढी माणसं उपाशी परत जातील."

"तुझ्याजवळ काही नाही का?"

दस्तगीरने पिशवीत हात घातला आणि एक तुकडा काढला. गावोगावच्या कामांतून उरलेला, जेमतेम बोटाएवढा. "एवढंच आहे. ह्यात एक हंडासुद्धा पुरा व्हायचा नाही."

"मग जेवढं होईल तेवढं करू," महाराज म्हणाले. "भाता मी ओढतो."

"महाराज, तुम्ही?"

"रसूलबी ओढते ना? मग मला का जमू नये? कसा धरायचा, ते दाखव."

आणि महाराज खरोखरच भाता ओढू लागले. कोळसे फुलले. पहिला हंडा तापला, नवसागराचा धूर उठला. दस्तगीर तुकडा जपून, टेकवल्यासारखा फिरवू लागला.

महाराज म्हणाले, "हात आखडू नकोस. नेहमी लावतोस तसं लाव."

"संपेल, महाराज."

"संपेल तिथं थांबू. पण जेवढं लावशील तेवढं पुरतं लाव."

दस्तगीरने हात मोकळा सोडला. पहिला हंडा तळापासून काठापर्यंत पांढरा झाला. त्याने मुठीकडे पाहिले. तुकडा तेवढाच होता. त्याला वाटले, धुराने डोळ्यांना भ्रम झाला. दुसरा हंडा झाला. तिसरा झाला. मग मात्र त्याने मुठीकडे बघणे सोडून दिले. तो फक्त हंड्यात बघत होता, कुठे तांबडा ठिपका राहिला तर नाही. भात्याचा सूर एका लयीत चालला होता आणि त्या लयीवर हात आपोआप फिरत होता. वर भजनाला बसलेली माणसे एकेक करून खाली येऊन उभी राहिली.

अंबादासराव दूर उभे होते. चौथ्या हंड्याला त्यांनी मान फिरवली. सहाव्याला ते जवळ आले. सातव्या हंड्याच्या काठावर शेवटचा हात फिरला आणि दस्तगीरने मूठ उघडली. तळहातावर काही नव्हते, फक्त काजळी.

महाराज भाता ठेवून उठले. अंबादासरावांनी खाली पडलेली एक कांडी उचलली, स्वतःच्या कानापाशी नेली आणि वाकवली. आवाज आला नाही. मग ते पुढे होऊन महाराजांच्या पायांवर डोके ठेवू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"अंबादास, आज मी फक्त वारा घातला. तू म्हणालास, ह्यानं देवाचं नाव घेतलं नाही. पाच गावांच्या पोटांत विष जाऊ नये म्हणून चाळीस वर्षं जो धुरात बसला, तो दुसरं काय घेत होता?"

हे ऐकताना दस्तगीरच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते धुराचे नव्हते.

अंबादासराव वळले. हंडे घासून दस्तगीरचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते. वाळूने सोललेल्या त्या पायांवर कारभाऱ्यांनी सगळ्या गावासमोर डोके टेकवले.

दस्तगीर गडबडून गेला. त्याने त्यांचे खांदे धरले.

"उठा, मालक," तो म्हणाला. "हंडे निवलेत. आमटीला आधण ठेवायला सांगा, माणसं भुकेली आहेत."