गरम बॉनेट

जनावरं नुकतीच गाड्या चालवायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. गडावरच्या आजाऱ्यांना पहाटे खाली आणायला शेळीला जीप हवी होती, पण पैसे जुन्या जीपपुरतेच होते. कोल्ह्याची हिरवी जीप पाहताच ती थुईथुई नाचू लागली.

“ताई, एका चावीत सुरू होते,” कोल्हा म्हणाला.

शेळीसोबत आलेला सरडा थंडीनं कुडकुडत बॉनेटवर चढला नि तिथंच पसरला. “अगं, चुलीपाशी बसल्यासारखी ऊब आहे इथं.”

शेळी थबकली. “कोल्होबा, आम्ही यायच्या आधीच तापवलीत होय? आम्हाला रोज गार इंजिनावर निघायचंय. गार होऊ दे, मग फिरवा चावी.”

ती खुशाल रवंथ करत बसली. बॉनेट गार होत गेलं, तशी कोल्ह्याची किंमतही उतरत गेली. शेवटी चावी फिरवली, तर जुन्या बॅटरीवर जीप नुसतीच खाकरली. दुपारी वाचलेल्या पैशांत नवी बॅटरी बसवलेली जीप घेऊन शेळी घाट चढू लागली, तेव्हा तिला हॉर्नवरून खूर काढवेना.