चिटकूची पिपाणी आणि नथूकाकांचा चहा

विषय : चिटकू नाकतोड्याची पिपाणी नळीत पडल्याबाबत.
संदर्भ : बिट्टीचं रडणं.

वरील विषयी सविनय सांगायचं ते असं, की पिपाणी पडली.

चिटकू म्हणजे नाकतोडा. हिरवागार, एवढासा. बिट्टी त्याची बहीण. ती तर त्याहून एवढीशी. दोघं राहायची गावच्या नळकोंडाळ्यामागे, केळीच्या पानावर. दुपार झाली की बिट्टीला झोप यायची. पण पिपाणी ऐकल्याशिवाय ती निजायची नाही. तसा त्या घरचा नियमच होता. नियम बिट्टीनेच केला होता.

पिपाणी गवताच्या काडीची. पीं पीं वाजायची.

आज चिटकूने उडी मारली. टुण्ण! पिपाणी निसटली. घरंगळली. नळाखालच्या नळीत गेली. गुडुप!

बिट्टीने भोकाड पसरलं. "अँऽऽऽ!"

चिटकू नळीकडे गेला. टुण्ण, टुण्ण, टुण्ण.

"नळीबाई, नळीबाई, माझी पिपाणी दे ना!"

नळी म्हणाली, "छे! माझं पोट कोरडं पडलंय. आधी नळाने पाणी सोडावं. मग मी पिपाणी देईन."

चिटकू नळाकडे गेला. टुण्ण, टुण्ण, टुण्ण.

"नळदादा, नळदादा, पाणी सोड ना!
नळी पिपाणी देईना.
पिपाणी काही वाजेना.
बिट्टी माझी निजेना!"

नळ म्हणाला, "छे! मी आपला नुसता उभा असतो. आधी नथूकाकांनी चावी फिरवावी. मग मी पाणी सोडीन."

नथूकाका गावाला पाणी सोडायचे. भलीमोठी लोखंडी चावी मांडीवर घेऊन ते चहाच्या टपरीवर बसले होते. तोंड भिंतीकडे.

चिटकू त्यांच्याकडे गेला. टुण्ण, टुण्ण, टुण्ण.

"नथूकाका, नथूकाका, चावी फिरवा ना!
नळ पाणी सोडीना.
नळी पिपाणी देईना.
पिपाणी काही वाजेना.
बिट्टी माझी निजेना!"

काका म्हणाले, "छे! चहा पोटात नाही, तर चावी हातात नाही. आधी चुलीने चहा उकळावा. मग मी चावी फिरवीन."

चिटकू चुलीकडे गेला. टुण्ण, टुण्ण, टुण्ण.

"चूलबाई, चूलबाई, चहा उकळ ना!
काका चावी फिरवीना.
नळ पाणी सोडीना.
नळी पिपाणी देईना.
पिपाणी काही वाजेना.
बिट्टी माझी निजेना!"

चूल खोकली. "छे! खों खों! नुसता धूर झालाय. आधी फुंकणीने फुंकर घालावी. मग मी चहा उकळीन."

चिटकू फुंकणीकडे गेला. टुण्ण, टुण्ण, टुण्ण.

"फुंकणीताई, फुंकणीताई, फुंकर घाल ना!
चूल चहा उकळीना.
काका चावी फिरवीना.
नळ पाणी सोडीना.
नळी पिपाणी देईना.
पिपाणी काही वाजेना.
बिट्टी माझी निजेना!"

फुंकणी म्हणाली, "छे! मी अशी कोणाच्याही सांगण्यावरून फुंकत नसते. आधी बायजामावशीने मला तोंडाशी धरावं. मग मी फुंकर घालीन."

पिपाणी पोकळ. नळी पोकळ. नळ पोकळ. फुंकणी पोकळ. पोटात कोणाच्या काही नाही. ताठा मात्र केवढा!

बायजामावशी टपरीची मालकीण. तीही तोंड भिंतीकडे करून बसली होती. दुसऱ्या भिंतीकडे.

चिटकू तिच्याकडे गेला. टुण्ण... टुण्ण... टुण्ण. पाय दुखायला लागले होते.

"मावशी, मावशी, फुंकणी धर ना!
फुंकणी फुंकर घालीना.
चूल चहा उकळीना.
काका चावी फिरवीना.
नळ पाणी सोडीना.
नळी पिपाणी देईना.
पिपाणी काही वाजेना.
बिट्टी माझी निजेना!"

मावशी म्हणाली, "छे! त्या नथूभाऊंना चहा? काल माझ्या चहाला गरम पाणी म्हणाले! बसू दे तसंच!"

आता कुठे जायचं? पुढे कोणीच नव्हतं. चिटकू खाली बसला. लांबून आवाज आला. "अँऽऽऽ!"

मावशीने मान वळवली. "ही बिट्टी कोण रे?"

"माझी बहीण."

"केवढी आहे?"

"तांदळाच्या दाण्याएवढी."

"आणि मघापासून तीच रडतेय?"

"हो."

"अरे माझ्या राजा! मग आधी नाही का सांगायचं?"

चिटकूने सगळ्यांना सांगितलं होतं. पण शेवटच्या ओळीत. शेवटची ओळ कोण ऐकतं?

मावशी उठली. पदर खोचला. फुंकणी धरली.

फुंकणीने फुंकर घातली. फूऽऽ!
चूल पेटली. भक्क!
चहा उकळला. खदखद, खदखद!
काका चहा प्यायले. फुर्रर्र!

"वा!" काका म्हणाले. "आज आलं घातलंय की!" एवढंच म्हणाले. मावशीला तेवढं पुरलं. ती हळूच हसली. तोंड भिंतीकडे करून.

काकांनी चावी फिरवली. करकर, करकर!
नळाने पाणी सोडलं. आधी सूंऽऽ, मग धो धो!
नळीचं पोट भरलं. गुड गुड गुड गुड... बुळ्ळुक!

नळीच्या दुसऱ्या तोंडातून पिपाणी उडाली. केळीच्या बुंध्याशी पडली. थप्प!

चिटकूने झडप घातली. पिपाणी फुंकली.

"पुर्रर्र."

ओली झाली होती. चिटकूने झटकली. पुन्हा फुंकली.

"पीं! पीं पीं!"

बिट्टीचं रडणं थांबलं. एक हुंदका. एक जांभई. एक डोळा मिटला.

दुसऱ्या डोळ्याने ती म्हणाली, "दादा, उद्या मी वाजवणार."

"पाडशील तू."

"तूच पाडलीस!"

चिटकूने पिपाणी पाठीमागे धरली. तो म्हणाला, "बघू हं."

दुसरा डोळाही मिटला.

बिट्टीचा अर्ज दादाकडे आहे. निर्णय अजून झालेला नाही. बिट्टी झोपली आहे.