पाटीवरचं बोट

"चूक कुठे आहे, एवढंच सांगा बाई."

सौमित्रने खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. खांबेटेबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. याला प्रोग्रामिंग शिकवलं ते त्यांनीच. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत सर्वांत हुशार हाच, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नसे.

आज मात्र दाढी वाढलेली होती. त्याचे वडील, अण्णा, नुकतेच पुरात गेले होते.

तो उभ्याउभ्याच बोलत राहिला. नदीकाठच्या गावांना फोनवर पाण्याची पातळी दिसावी म्हणून त्याने एक पान केलं होतं. वरच्या बंधाऱ्यावरचं यंत्र पातळी मोजून पाठवी, ती पानावर चढे. आकडा बदलत असताना कुणी अर्धवट वाचला तर घात व्हायचा, म्हणून त्याने प्रोग्राममध्ये एक कुलूप घातलं होतं. वाचणारे कितीही येवोत, एकत्र वाचोत. लिहिणाऱ्याने, म्हणजे नवा आकडा चढवणाऱ्या यंत्राने, मात्र आत कुणी नसतानाच शिरायचं.

"एकही वाचणारा ताटकळला नाही." क्षणभर जुना ताठा आवाजात आला. "मी पुन्हापुन्हा तपासलं. कुलूप चोख आहे."

"मग?"

"मग काय... पाणी चढत होतं, आणि पानावर दुपारचाच आकडा."

अण्णा संध्याकाळभर ओट्यावर बसून तेच पान उघडत होते. शेजारी सामान बांधून निघाले, तेव्हा अण्णांनी त्यांना वेड्यात काढलं. माझ्या मुलाचं पान आहे, म्हणाले, ते खोटं सांगणार नाही. बचावलेल्या एका शेजाऱ्याने हे सौमित्रला सांगितलं होतं.

बाई आत गेल्या. पाटी, पेन्सिल आणि ओलं फडकं घेऊन आल्या.

"अण्णांनी काय वाचलं, ते लिही."

त्याने लिहिलं. पातळी धोक्याच्या खाली. अक्षर वेडंवाकडं आलं.

बाईंनी पाटी मधे ठेवली आणि त्या ओळीवर उजव्या हाताचं बोट टेकवलं.

"आता हे पूस. खरं काय ते लिही."

"बोट काढा ना."

"वाचत्येय. वाचून झालं की काढते."

वाचून झालं. उजवं बोट उचललं, पण त्याआधीच डावं टेकलं होतं. डावं उचललं, तोवर उजवं परत आलं होतं. सौमित्र फडकं धरून उभा राहिला.

"बाई, तुम्ही काढतच नाही आहात."

"काढते की. प्रत्येक वेळी."

आणि ते खरं होतं. कुठलंच बोट फार वेळ थांबत नव्हतं. पाटी तेवढी मोकळी होत नव्हती.

फडक्याचं पाणी सुपातल्या तांदळांवर ठिबकत होतं. बाईंनी सूप सरकवलं नाही.

"लोक जितके घाबरले, तितक्यांदा त्यांनी पान उघडलं," तो पुटपुटला. "आणि जितक्यांदा उघडलं, तितका नवा आकडा बाहेरच..."

तो पाटीसमोर खाली बसला.

"लिहिणारा दाराशी आला की नव्यांना बाहेर थांबवायचं होतं. आधीच्यांचं संपेपर्यंत, त्याचं लिहून होईपर्यंत. एवढंच." मग एकदम त्याचा आवाज फाटला. "अण्णांनाही. पान लगेच उघडत नाही म्हणून चिडले असते माझ्यावर. पण मग खरा आकडा बघून निघाले असते हो, शेजाऱ्यांबरोबर..."

बाईंनी त्याची समजूत घातली नाही. घालता येण्यासारखी ती नव्हतीच. त्यांची बोटं आळीपाळीने पाटीवर टेकतच होती.

"पान बरोबर कधी झालं?" त्यांनी विचारलं.



"पाणी गावांत शिरलं... फोन एकेक करून बंद पडले. मग." त्याने मान खाली घातली. "मग सगळे आकडे एकदम चढले. सगळे बरोबर."

बाईंनी दोन्ही हात पाटीवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"घे," त्या म्हणाल्या. "आता कुणी वाचत नाही. लिही."