मिशी आणि दोन कळा

"मग अण्णा लिहीत का नाहीत, बाबा?"

उन्मेषचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर केशवगिरी बाबा वस्तऱ्यानं स्वतःचं डोकं भादरत बसले होते. त्यांचा हात काही थांबला नाही.

"अर्धांगवायूनं अण्णांची, माझ्या वडिलांची, वाचा गेली. दोन बोटं तेवढी हलतात. म्हणून खास दोन कळांचं यंत्र केलं मी! एक कळ पडद्यावरची अक्षरं पुढे सरकवते, दुसरी निवडते. जास्त लागणारी अक्षरं आधी येतात. बक्षीस मिळालं हो त्याला! आणि अण्णांनी लिहिलं काय? एक अक्षर. 'न'. त्यानंतर कळेला बोट लावलेलं नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत..."



"ते अक्षर लिहिलं, तेव्हा तू काय करत होतास?"

"त्यांची मिशी काढत होतो. पेज अडकायची."

आता बाबा थांबले. उन्मेषच्या मिशीकडे बघत राहिले. आणि काय मिशी होती ती! पिळदार, तुपाचा हात फिरवलेली, थेट वडिलांच्या वळणाची.

"यंत्र आणलंयस?"

"आणलंय की."

"हातात धर. आता जे बोलायचं ते त्यातूनच. तोंड उघडायचं नाही. कबूल?"

"कबूल. बघाच तुम्ही, किती भरभर जमतं ते!"

बाबांनी त्याच्या ओठावर साबण फासला. उन्मेषला हसूच आलं...

आणि वस्तरा टेकला.

अरे देवा! उन्मेषचे डोळे पांढरे झाले. ओठावर पातं, मान हलवायची सोय नाही. अंगठे कळांवर तुटून पडले. टक टक टक... हवं ते अक्षर हुकलं. पुन्हा पहिल्यापासून. तोवर डावी बाजू गेली. टक टक... पडद्यावर एकदाचा 'न' उमटला. त्यानं यंत्र बाबांच्या नाकासमोर नाचवलं.

बाबा उजव्या बाजूला वळले. पडद्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

मिशी मांडीवर पडली. उन्मेष पडद्यावरच्या त्या एका अक्षराकडे बघत राहिला.

"अण्णा..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

बाबांनी वस्तरा धुतला, पुसला, आणि ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

"लिही बाळा, सावकाश लिही. आता मला काही घाई नाही."