एका खुंटीवर दोन घंटा

त्या राज्यात सांज झाली की धुकं उतरे आणि डोळ्यांचं काम संपे. मग सगळा कारभार कानांवर चाले.

वेशीवर शेवरी नावाची कुत्री राखणीला होती. गळ्यातली घंटा ऐकून ती प्रत्येक शेळीला तिच्या करडाच्या गोठ्यात धाडी. चार सख्ख्या बहिणींच्या घंटा तर ऐकायला अगदी जवळजवळच्या. पण शेवरी डोळे मिटून चौघींना चार दारं दाखवी. आईला लुचत असतानाच ते आवाज तिच्या कानात मुरले होते. तिचा तोरा काही उगाच नव्हता.

एका वर्षी नदीपलीकडचा कळप वस्तीला आला. त्यातल्या दोन शेळ्यांनी शेवरीची झोप उडवली. तिच्या कानात तसल्या आवाजाला खुंटी एकच; दोघींच्या घंटा त्याच खुंटीवर जाऊन बसत आणि तिला एकच वाटत. पहिल्याच सांजेला शेळ्यांची अदलाबदल झाली. परक्या करडाला शेळी कासेला लागू देते होय? दोन्ही करडं उपाशी ओरडत राहिली.

"बहिरी आहे ही," पलीकडच्या कळपाचा राखण्या कुत्रा भुरका हसला. "वेस माझ्याकडे द्या."

राज्याचा कारभारी थोरला बैल म्हणाला, "उद्या तू उभा राहा. मग बघू."

दुसऱ्या सांजेला भुरक्याने आपल्या दोन्ही शेळ्या चुटकीसरशी त्यांच्या करडांकडे धाडल्या. मग चार बहिणी आल्या. त्याने चौघींना एकाच दारात कोंबलं आणि चक्रावून विचारलं, "एकच शेळी चारदा कशी काय आली?"

वेशीवर हशा पिकला. शेवरीची मानही ताठ झाली. का होऊ नये? पण भुरक्याचे कान पडलेले पाहून ती गुरगुरली, "हसू नका रे. त्याच्या आईच्या कुशीत ह्या घंटा वाजल्याच नव्हत्या."

"वेस तुझीच," बैल शेवरीला म्हणाला. "पण त्या करडांचं काय?"

रोज दुपारी शेवरी त्या दोन शेळ्यांच्या मधे जाऊन घंटा ऐकत पडू लागली. चुका होतच राहिल्या. तिने जागा मात्र सोडली नाही.

एका सांजेला धुक्यातून पहिली शेळी आली आणि शेवरीचा डावा कान हलला. दुसरी आली तेव्हा उजवा हलला. थोड्याच वेळात दोन्ही गोठ्यांतून करडांच्या लुचण्याचा आवाज आला. शेवरी शेपूट उंच करून वेशीवर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चार बहिणींच्या मधोमध, भुरका डोळे मिटून पडला होता.